तुमच्या कादंबरीतल्या डॉ. कार्लोसबद्दल

प्रश्न असा आहे: "मी मराठीत मेडिकल थ्रिलर लिहितेय. नायक डॉ. कार्लोस रॉड्रिग्ज, लॅटिन अमेरिकेतला विषाणूशास्त्रज्ञ. ॲमेझॉनच्या जंगलात त्याला नवा विषाणू सापडतो आणि एक बडी औषध कंपनी त्याच्या जिवावर उठते. तीन प्रकरणं लिहून झाली, पण नायक मलाच खरा वाटत नाही. त्याला खरा कसा करू? विज्ञान किती घालू? आणि मराठी वाचकाला तो जवळचा वाटेल का?"

मी एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम केलं. गेली बारा वर्षं वैद्यकीय तपशील तपासण्यासाठी कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचतो. लॅटिन अमेरिकेतल्या साथरोगांचा इतिहास हा माझा जुना ध्यास आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी "लॅटिन अमेरिकेतला" हा शब्द घेऊ, कारण अडचण तिथूनच सुरू होते. आपल्याकडच्या माणसाची ओळख कुणी "आशियातला शास्त्रज्ञ" एवढीच करून दिली, तर तो माणूस डोळ्यांसमोर उभा राहील का? कार्लोस कोणत्या देशातला, कोणत्या गावातला, कोणत्या संस्थेत नोकरीला आहे, हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही. ॲमेझॉनचा सगळ्यात मोठा भाग ब्राझीलमध्ये आहे आणि ब्राझीलची भाषा पोर्तुगीज आहे. तो तिथला असेल तर त्याच्या तोंडी स्पॅनिश घालता येणार नाही. तो ब्वेनोस आयरेसचा असेल तर स्वतःला अर्जेंटिनाचा म्हणवेल. "लॅटिनो" ही ओळख मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्यांची आहे, आणि त्या नायकाची गोष्ट वेगळी होईल. तिच्याकडे शेवटी येतो.

नावाचंही तेच. तिथला वैद्यकाचा इतिहास चाळला की क्युबात फिनले भेटतात, त्यांचे वडील स्कॉटिश होते. पेरूत बार्टन भेटतात. अर्जेंटिनात पारोदी, मिल्स्टीन, मैस्तेगी भेटतात, म्हणजे इटालियन, ज्यू आणि बास्क घराण्यांतली नावं. ब्राझीलच्या रेसिफे शहरात बाळांच्या डोक्यांचा आकार लहान भरतोय हे 2015 मध्ये ज्यांच्या लक्षात आलं, त्या बालमेंदूतज्ज्ञ वानेसा वान देर लिंदेन. बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात किस्पे, मामानी ही आडनावं घरोघर आहेत. रॉड्रिग्ज चुकीचं आहे असं नाही. पण आडनाव निवडताना त्याच्या आजोबांना कोणत्या बोटीने किंवा कोणत्या डोंगराने तिथे आणलं, हे तुम्हाला ठाऊक हवं. बहुतेक स्पॅनिशभाषक देशांत माणूस दोन आडनावं लावतो, आधी वडिलांचं, मग आईचं. ब्राझीलमध्ये सहसा आईचं आधी येतं. आईचं आडनाव नायकाच्या ओळखपत्रावर असणं ही कथेला उपयोगी पडणारी गोष्ट आहे.

आता मूळ मुद्दा. तुमचा कार्लोस खरा वाटत नाही, कारण त्याला विषाणू सापडतो आणि त्याच पानावर तो विषाणू आहे हे सिद्धही होतं. उरलेली कादंबरी पाठलागाची राहते. वैद्यकातला खरा थरार मनात शंका आली तो दिवस आणि पुरावा हातात पडला तो दिवस, या दोन दिवसांच्या मधल्या काळात असतो. त्या काळात माणसं मरत असतात, आणि ज्याला उत्तर बहुधा कळलंय त्याचं कुणी ऐकत नसतं. लॅटिन अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचं निम्मं आयुष्य या मधल्या काळात गेलेलं आहे. तुमचा नायक तिथून घ्या.

कार्लोस फिनले यांचंच पाहा. 1881 साली हवानाच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी सांगितलं की पिवळा ताप डासामुळे पसरतो. डासही त्यांनी बरोबर ओळखला होता. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती, तोच तो. पण प्रयोगांनी त्यांना दगा दिला. डासाला रुग्णाचं रक्त पिऊ द्यायचं आणि थोड्याच दिवसांत निरोगी माणसाला चावू द्यायचं, अशी त्यांची पद्धत होती. विषाणूला डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण बारा दिवस लागतात, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे स्वयंसेवक बहुतेक वेळा आजारी पडत नसत आणि समोरचे मान हलवत निघून जात. 1900 मध्ये वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी लष्कराचं पथक क्युबात आलं. फिनलेंनी स्वतः जपलेली डासांची अंडी त्यांना दिली. त्या पथकातले जेसी लाझिर याच तापाने गेले, आणि त्यानंतर पुरावा उभा राहिला. मधे एकोणीस वर्षं गेली होती. उत्तर बरोबर, डास बरोबर, फक्त दिवस कमी पडले. रहस्यकथेला यापेक्षा चांगली किल्ली मला माहीत नाही.

या "दिवस कमी पडण्याचा" अनुभव मी स्वतः घेतलाय. 2005 च्या जुलैमधल्या मुंबईच्या पुरानंतर लेप्टोचे रुग्ण यायला लागले. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात प्रतिपिंडं पुरेशी तयार झालेली नसतात, म्हणून चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. एका रात्री वॉर्डातल्या निवासी डॉक्टरचा फोन आला, "सर, रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पेनिसिलिन थांबवू का?" मी म्हटलं, "थांबवू नकोस, परवा पुन्हा रक्त पाठव." फोन ठेवला आणि मला झोप लागली नाही, कारण माझ्या हातात त्या क्षणी काहीच पुरावा नव्हता. तुमच्या कार्लोसला अशी एक रात्र द्या. पिस्तुलाची गरज पडणार नाही.

कार्लोस चागास यांची गोष्ट उलट्या दिशेने जाते, म्हणून तीही सांगतो. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात लासांस नावाच्या ठिकाणी रेल्वेमार्गाचं काम चालू होतं आणि ते मलेरियाच्या बंदोबस्तासाठी तिथे गेले होते. राहणं आणि प्रयोगशाळा दोन्ही रेल्वेच्या डब्यात. झोपडीच्या भिंतींच्या फटींत राहणारा एक किडा रात्री झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याला चावतो, म्हणून लोक त्याला "बार्बेइरो", म्हणजे न्हावी म्हणत. चागास यांना आधी त्या किड्याच्या आतड्यात परजीवी सापडला. त्यापासून माणसाला कोणता आजार होतो हे तेव्हा माहीतच नव्हतं. मग 1909 मध्ये एका दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात तो दिसला. आधी हत्यार सापडलं आणि खून झाल्याचं नंतर कळलं, अशी ही मांडणी आहे. पुढे 1920 च्या दशकात त्यांच्याच देशाच्या वैद्यक अकादमीत हा आजार खरंच इतका पसरलाय का यावर कडवट वाद झाला. नायकाचा अपमान त्याच्या स्वतःच्या सभागृहात, त्याच्या स्वतःच्या भाषेत झाला तर तो जास्त लागतो. परदेशी कंपनीने केलेला अपमान वाचक गृहीतच धरतो.

शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करण्याचा प्रसंग तुमच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. तो ठेवायचा असेल तर दानियेल आल्सिदेस कारियोन यांच्याबद्दल आधी वाचा. लिमातला हा अठ्ठावीस वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी. अँडीजच्या काही दऱ्यांत अंगावर लालसर गाठी येणारा "वेरुगा" नावाचा रोग होता, आणि लिमा ते ओरोया रेल्वेच्या बांधकामात मजुरांचे बळी घेणारा "ओरोयाचा ताप" होता. दोन्ही एकाच रोगाची रूपं आहेत का, हा प्रश्न होता. 27 ऑगस्ट 1885 रोजी त्याने एका रुग्णाच्या गाठीतलं रक्त स्वतःच्या दंडात टोचून घेतलं. तीन आठवड्यांनी ताप आला. हात चालत होता तोवर टिपणं त्याने स्वतः लिहिली, नंतर मित्रांनी लिहिली. 5 ऑक्टोबरला तो गेला. गाठींतून ताप आला होता, म्हणजे रोग एकच होता. पेरूत हा दिवस आजही वैद्यक दिन म्हणून पाळतात. मुंबईत 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिननी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, ते मराठी वाचकाला आठवेल. पण तिथे मेलेले जंतू होते आणि इथे जिवंत रोग. तुमचा कार्लोस सुई टोचून घेतो आणि दोन पानांनंतर बरा होतो. मला ते कारियोनच्या टिपणांपुढे सहन होत नाही. एक तर त्याला त्याची पूर्ण किंमत मोजू द्या, नाही तर तो प्रसंग काढा.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, आणि तुमची कादंबरी मी तिथे नेऊन ठेवीन.

अर्जेंटिनाच्या पांपा प्रदेशात, ब्वेनोस आयरेस प्रांताच्या उत्तरेला, मक्याचा सुपीक पट्टा आहे. 1950 च्या दशकात तिथे कापणीच्या हंगामात शेतमजुरांना ताप यायला लागला. हिरड्यांतून रक्त, हाताला कंप, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरलेल्या. लोकांनी त्याला नाव दिलं "माल दे लोस रास्त्रोहोस". मराठीत नेमका शब्द आहे: धसकटांचं दुखणं. 1958 मध्ये आर्मांदो पारोदी आणि सहकाऱ्यांनी विषाणू वेगळा केला, आणि हुनीन गावावरून त्याला हुनीन विषाणू म्हणू लागले. तो वाहून नेणारा शेतातला छोटा उंदीर, कालोमिस. मका वाढला, उंदीर वाढले, आणि कापणाऱ्याच्या श्वासात आणि हातावरच्या ओरखड्यांत विषाणू शिरला.

हुलियो मैस्तेगी हे डॉक्टर याच पट्ट्यातल्या पेरगामीनो नावाच्या गावात संशोधन संस्था उभी करून बसले. राजधानीत नव्हे, जिथे रुग्ण येत होते तिथे. बऱ्या झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा नव्या रुग्णांना देण्याची पद्धत आधीपासून होती, पण तिचा खरंच उपयोग होतो का हे कुणी नीट तपासलं नव्हतं. मैस्तेगींनी तपासलं. काहींना प्रतिपिंडं असलेला प्लाझ्मा, काहींना साधा, आणि कुणाला काय दिलंय हे डॉक्टरलाही माहीत नाही. 1979 मध्ये निष्कर्ष छापला गेला: साधा प्लाझ्मा मिळालेल्यांत मृत्यू 16.5 टक्के, प्रतिपिंडांचा मिळालेल्यांत सुमारे 1 टक्का. अट एकच, पहिल्या आठ दिवसांत द्यायला हवा.

इथे लेखिका म्हणून क्षणभर थांबा. आपल्या गावातले लोक मरताहेत, हातात बहुधा उपयोगी असलेली बाटली आहे, आणि निम्म्या रुग्णांना तुम्ही ती जाणूनबुजून देत नाही, कारण त्याशिवाय पुढच्या हजारो रुग्णांसाठी खात्री मिळणार नाही. त्या रात्री वॉर्डाबाहेर बसलेल्या बायकोला नायक काय सांगेल? हा प्रसंग लिहिता आला तर तुमच्या कादंबरीला खलनायकाचीही गरज उरणार नाही. त्यातच आणखी एक पीळ आहे. प्लाझ्माने वाचलेल्यांपैकी जवळपास दहा टक्क्यांना काही आठवड्यांनी मेंदूची लक्षणं दिसतात, ताप परत येतो, तोल जातो. म्हणजे उपाय सापडला असं वाटतं, आणि पुढच्या प्रकरणात वाचलेला माणूसच दारात अडखळतो.

लसीचा इतिहासही असाच गुंतागुंतीचा. कँडिड-1 नावाची ही लस अर्जेंटिनाचेच हुलियो बारेरा ओरो यांनी अमेरिकेत, फोर्ट डेट्रिकच्या लष्करी संशोधन संस्थेत विकसित केली. 1988 ते 1990 या काळात सांता फे प्रांतातल्या सुमारे 6500 शेतमजुरांवर तिची चाचणी झाली आणि ती उत्तम ठरली. पण या रोगाची बाजारपेठ एवढीशी, गिऱ्हाईक कोण तर अर्जेंटिनातले मका कापणारे. बाहेर बनवलेला साठा पुरून किती पुरणार? शेवटी पेरगामीनोच्या त्याच संस्थेने लस स्वतः बनवायला घेतली आणि 2006 मध्ये तिला मंजुरी मिळाली. मैस्तेगी 1993 मध्येच गेले होते.

तुम्ही "बडी औषध कंपनी विषाणूच्या मागे" असं लिहिलंय. इथे नेमकं उलटं आहे. कंपन्यांना या रोगात काही रसच नाही, आणि गावाला लस हवीय. माझ्या मते हे दुर्लक्ष पाठलागापेक्षा भयानक आहे आणि खरंही आहे.

तरीही खलनायक हवाच असेल, तर तो कागदावर सही करणारा असू दे. 1946 ते 1948 मध्ये ग्वाटेमालात अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेच्या डॉक्टरांनी कैदी, सैनिक आणि मनोरुग्णालयातल्या रुग्णांना संमतीशिवाय सिफिलिस आणि गनोरियाचा संसर्ग घडवून आणला. ग्वाटेमालाच्या सरकारी सेवेतले हुआन फुनेस हे डॉक्टरही त्यात सहभागी होते. सगळं कागदपत्रांत नीट नोंदलेलं होतं. सुसान रेव्हर्बी या इतिहासकार बाईंना ते एका विद्यापीठाच्या दफ्तरात सापडलं, आणि 2010 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी माफी मागितली. कार्लोसऐवजी एखादी नायिका, प्रयोगशाळेऐवजी अशा दफ्तरखान्यात बसलेली आणि फाइलमध्ये स्वतःच्या आजोबांच्या संस्थेचा शिक्का दिसलेली, अशीही कल्पना करून पाहा.

साथ कशी पसरते हे दाखवायला एपुयेनचा नमुना घ्या. अर्जेंटिनाच्या पातागोनियातलं, अँडीजच्या पायथ्याचं हे छोटं गाव. नोव्हेंबर 2018 मध्ये तिथे वाढदिवसाची मेजवानी होती, शंभरेक पाहुणे. त्यात एक जण ताप असताना आला आणि दीड तासात निघून गेला. त्याला हंताचा अँडीज विषाणू झालेला होता. हंता विषाणू सहसा उंदरांकडून येतात, पण हा एक माणसाकडून माणसाला जातो. मेजवानीतून काही जण आजारी पडले, नंतर एका मृताच्या अंत्यदर्शनातून आणखी पसरला. एकूण 34 रुग्ण, 11 मृत्यू. कोण कुणाजवळ किती वेळ बसलं होतं याचा नकाशा शास्त्रज्ञांनी काढला आणि विषाणूचा जनुकीय क्रम लावून तो ताडून पाहिला. शेवटी संपर्कातल्या लोकांना घरात विलग ठेवल्यावर साथ थांबली. मेजवानीच्या टेबलांचा नकाशा हा तुमच्या कादंबरीच्या सुरुवातीला छापता येईल असा पुरावा आहे.

विज्ञान किती घालायचं? माझा नियम सांगतो: एकच चाचणी निवडा आणि वाचकाला ती पक्की शिकवा. दुसऱ्या प्रकरणात नायक आपल्या विद्यार्थिनीला ती समजावतो, चुकीचा निकाल कसा येतो तेही सांगतो. मग शेवटाकडे जेव्हा कागद हातात येतो, तेव्हा नायक बोलायच्या आधी वाचकालाच निकाल कळला पाहिजे. बाकीची यंत्रं पाठीमागे गुणगुणत राहू द्या. सगळ्यात घातक विषाणूंसाठी असलेल्या चौथ्या पातळीच्या सुरक्षित प्रयोगशाळेत नायकाला उगाच नेऊ नका. अशी प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला आहे. ब्राझील ती कांपिनासला आता बांधतो आहे. म्हणून तिथल्या अनेक शास्त्रज्ञांना नमुना कोरड्या बर्फात घालून परदेशी पाठवावा लागत आला, आणि परवाना, विमान, सीमाशुल्क, सुट्टीचा दिवस हे सगळे अडथळे वाटेत येतात. अपघातही असाच साधा ठेवा. 1994 मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधकाच्या सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, साबिया या ब्राझीलच्या विषाणूची नळी तडकली. त्याने ती नीट पुसली, कुणाला काही सांगितलं नाही, आणि परगावी जाऊन आला. मग ताप चढला. तो वाचला. त्या पुसण्याच्या पाच मिनिटांत एक अख्खं प्रकरण मावेल.

संवादांत "अमिगो", "सेन्योर" पेरू नका. त्याऐवजी मराठीची ताकद वापरा. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखाच तू आणि तुम्हीचा भेद आहे, अर्जेंटिनात तर "तू"साठी "वोस" असा वेगळाच शब्द आहे. इंग्रजी कादंबरीत हा भेद हरवतो, मराठीत तो जसाच्या तसा राहतो. वयस्क प्राध्यापक नायिकेला पाचशे पानं "तुम्ही" म्हणतात आणि ती आजारी पडल्यावर एकदाच "तू" म्हणतात, हे आपल्या वाचकाला लगेच कळेल. आणि माते हे पेय: एकाच भोपळ्यातून, एकाच नळीने, सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचं. प्रयोगशाळेतल्या दुपारच्या मातेच्या फेरीत कुणी तरी पहिल्यांदा "नको" म्हणतं, तिथून साथ सुरू झाली हे वाचकाला कळू दे.

अमेरिकेतली लॅटिनो नायिका करायची असेल, तर कॅलिफोर्नियाच्या कर्न काउंटीत जा. तिथल्या मातीत कॉक्सिडिऑइडीस नावाची बुरशी असते. धुळीबरोबर ती फुप्फुसात जाते आणि आजार न्यूमोनियासारखा, कधी टीबीसारखा भासतो. त्या शेतांत राबणारे बहुतेक मेक्सिकन कुळातले. हा रोग पहिल्यांदा 1892 मध्ये ब्वेनोस आयरेसमध्ये आलेहांद्रो पोसादास या वैद्यकीय विद्यार्थ्याने नोंदला होता. शेतमजुराची मुलगी, लहानपणी दवाखान्यात आईसाठी दुभाषी झालेली, आता त्याच दवाखान्यात बुरशीतज्ज्ञ म्हणून परतलेली, ही मला कार्लोसपेक्षा जास्त जिवंत दिसते.

मराठी वाचकाला हे जवळचं वाटेल का? सिंधुदुर्गात काजूच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाईला गोचिडांतून पसरणारा माकडताप होतो, आधी जंगलात माकडं मरून पडतात, हे आपण 2016 पासून पाहतोय. त्या रोगाचा विषाणू 1957 मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासानूर जंगलात पुण्याच्या विषाणू प्रयोगशाळेने शोधला, हुनीनच्या बरोबर एक वर्ष आधी. पुण्याची ती प्रयोगशाळा आणि ब्राझीलच्या बेलेंमधली विषाणू प्रयोगशाळा, दोन्ही 1950 च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने उभ्या राहिल्या. तुमच्या कार्लोसच्या गुरूने तरुणपणी पुण्याला पत्र लिहून गोचिडांबद्दल विचारलं असेल, ही कल्पना कुणालाही ओढूनताणून आणलेली वाटणार नाही.

तेव्हा पहिल्या प्रकरणातला जंगलातला पाठलाग काढा. कापणीचा मे महिना, तिकडे तेव्हा थंडी पडू लागते. छोट्या गावातलं रुग्णालय, ट्रॅक्टरवरून आणलेला माणूस, हिरड्यांवर रक्त. डॉक्टर प्लेटलेट्सचा आकडा दोनदा पाहतो आणि त्याच्या बुटाला चिकटलेल्या धसकटाच्या तुकड्याकडे बघून विचारतो, "किती दिवस झाले ताप येऊन?" बायको बोटं मोजते. सात म्हणते, मग थांबते, आणि नऊ असतील म्हणते.